नकाशातलं ‘नाही’ कुठून आलं? रानपिंगळा आणि आढळाची मॉडेलं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही रानपिंगळ्याच्या, म्हणजे मध्य भारतातल्या जंगलांतल्या एका दुर्मीळ छोट्या घुबडाच्या, ६३ नोंदी जमवल्यात. काही स्वतः पाहिलेल्या, काही ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या, काही छापील लेखांमधल्या. त्यांवर बायोक्लिम, मॅक्सएंट आणि रँडम फॉरेस्ट अशा, नोंदी आणि हवामान जोडून पक्षी कुठे असू शकेल याचा नकाशा काढणाऱ्या, तीन संगणकी पद्धती चालवल्यात आणि तीन निराळे नकाशे हाती आले, ते सोबत जोडलेत. मार्गदर्शक म्हणतात, मॅक्सएंटचा एयूसी (मॉडेलची पारख करणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९६ आहे, तोच ठेवा. वर्गातला एक मित्र म्हणतो, ऑक्युपन्सी (त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटी देऊन करायची पद्धत) केल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. तुम्ही विचारताय, यातला बरोबर कोणता?

नकाशे निराळे येणारच होते. ‘इथे पक्षी आहे’ हे तिन्ही पद्धतींना तुम्हीच सांगितलंत, त्याच ६३ नोंदींमधून. पण ‘इथे पक्षी नाही’ हे प्रत्येक पद्धत वेगळ्या ठिकाणाहून शिकते, आणि बहुतेक फरक तिथे पडतो. वीस वर्षं मी हे काम करते आहे. कुठल्याही प्रजातीचा नकाशा समोर आला की रंगांकडे बघायच्या आधी मी एवढंच विचारते: यातलं ‘नाही’ कुठून आलं?

हा प्रश्न समजून घ्यायला तुमचा पक्षीच उत्तम आहे. १८७२ मध्ये ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरच्या बाजूला याचा पहिला नमुना मिळाला, आणि १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात शहादा-तळोद्याच्या परिसरात आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने, आणि त्यांतला एक १९१४ चा: ठिकाण गुजरातमधलं मांडवी, मिळवणारे नामांकित पक्षीसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. सगळ्यांत अलीकडची नोंद म्हणून त्या मांडवीला फार वजन होतं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नमुने एकेक करून तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून उचललेला, पुन्हा भरून शिवलेला आणि वर खोटी चिठ्ठी लावलेला. ती नोंद बाजूला काढून खऱ्या जागांवर शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

आता याकडे मॉडेल बांधणाऱ्याच्या नजरेने बघा. सात नोंदींमध्ये एक खोटी, म्हणजे चौदा टक्के माहिती चुकीची, आणि तीही अशा जागेची जी शोध भलतीकडे वळवू शकते. दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची. ११३ वर्षं या पक्ष्याबद्दल जे ‘नाही’ पुस्तकांत लिहिलं जात होतं, ते पक्षी नसल्याचं ‘नाही’ नव्हतंच. सातपुड्याच्या सागवनात तो बसलेला होता, दिवसाढवळ्या ओरडत होता, आणि डोंगरातल्या माणसांच्या कानावर तो आवाज पडतही असणार. लिहून ठेवणारा कुणी तिथे उभा नव्हता, एवढंच. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडव्याकडचा भाग अशी ठिकाणं सापडत गेली. सगळ्यांनी धरून चालवलं की हा सातपुड्याचा पक्षी. मग २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात मिळाला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठच्या जंगलात, सातपुड्यापासून कितीतरी दक्षिणेला, कितीतरी जास्त पावसात. त्यानंतर गुजरातेत डांगच्या बाजूलाही.

हे मनात ठेवून तुमच्या पद्धतींकडे वळू.

बायोक्लिम सगळ्यांत जुनी. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात ती आकाराला आली. तिला ‘नाही’ची गरजच नसते. पक्षी जिथे जिथे मिळाला तिथलं तापमान, पाऊस वगैरे किती ते किती आहे ते बघायचं, आणि त्या मर्यादांत बसणारा सगळा मुलूख रंगवायचा. समजायला सोपी, शिकवायला छान. पण ती पूर्णपणे तुमच्या नोंदींच्या मुठीत असते. २०१४ च्या आधीच्या, फक्त सातपुड्यातल्या नोंदींवर ती बसवली असती तर पावसाच्या मापाने तानसा बाहेर तरी पडलं असतं किंवा अगदी काठावर राहिलं असतं. म्हणजे जिथे शोधायला हवं होतं तिथेच तिने ‘जाऊ नका’ सांगितलं असतं. मी बायोक्लिम आता फक्त नोंदी तपासायला वापरते. एखादा बिंदू बाकीच्यांपासून फार दूर पडला, तर तो टंकनाचा घोळ आहे की काही नवीन आहे, हे बघायला ती कामाची.

मॅक्सएंटबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण तुमचं काम त्याच्यावरच उभं आहे. फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांचा लेख २००६ मध्ये आला. त्याच वर्षी जेन एलिथ आणि मोठ्या चमूने सहा प्रदेशांतल्या २२६ प्रजातींवर सोळा पद्धती घासून बघितल्या. मॅक्सएंट आणि बूस्टेड ट्री (अनेक छोटी निर्णय-झाडं जोडणारी पद्धत) जुन्या पद्धतींच्या पुढे गेल्या. तेव्हापासून निम्मं जग मॅक्सएंटवर चाललंय. पण तो नक्की करतो काय? तुमचे ६३ बिंदू आणि तुम्ही आखलेल्या प्रदेशातले, एरवी दहा हजार, कुठलेही बिंदू घेतो आणि विचारतो: पक्ष्याच्या जागा एकंदर प्रदेशापेक्षा कशात वेगळ्या आहेत? ते दहा हजार बिंदू म्हणजे ‘नाही’ नव्हे. ती पार्श्वभूमी आहे, त्यात पक्षी असलेल्या जागाही येतात. २०१३ मध्ये रेनर आणि वॉर्टन यांनी दाखवलं की मॅक्सएंट हे गणिताने पॉयसन बिंदू-प्रक्रियेच्या रिग्रेशनचंच, म्हणजे कुठे बिंदू किती दाट पडतात ते हवामानासारख्या घटकांशी जोडणाऱ्या नेहमीच्या समीकरणाचंच, रूप आहे. मला त्या लेखाने फार मोकळं केलं. पेटीत बंद असलेली काही अद्भुत गोष्ट नाही, ओळखीचं रिग्रेशन आहे, आणि त्याला विचारायचे प्रश्नही ओळखीचेच आहेत.

पहिला प्रश्न पार्श्वभूमी कुठवर पसरली याचा. तुम्ही अख्खा भारत घेतलाय. म्हणजे लडाख, जैसलमेर, सुंदरबन, निलगिरीचा माथा हे सगळं त्या दहा हजारांत आहे. एयूसी म्हणजे काय, तर पक्ष्याचा एक बिंदू आणि पार्श्वभूमीचा एक बिंदू चिठ्ठी टाकून उचलला, तर पक्ष्याच्या बिंदूला जास्त गुण मिळण्याची शक्यता. लडाखपेक्षा यावलला जास्त गुण मिळाले यात मॉडेलने काय शिकलं? ०.९६ हा आकडा तिथून आलाय. पार्श्वभूमी फक्त सातपुडा, खानदेश, डांग आणि उत्तर सह्याद्रीपुरती ठेवा आणि पुन्हा चालवा. एयूसी धाडकन खाली येईल. घाबरू नका. त्या आकड्यात आता काही अर्थ असेल, कारण मॉडेल आता सागाच्या एका जंगलातून सागाचं दुसरं जंगल वेगळं काढायला धडपडत असेल. तुम्हाला तेच तर हवं होतं.

दुसरा प्रश्न: नोंदी करणारे कुठे कुठे गेले? ईबर्डचे बिंदू नकाशावर टाकून वर रस्ते टाका. तोरणमाळचा घाटरस्ता, मेळघाटातली विश्रामगृहं, सफारीचे रस्ते यांच्या कडेकडेने ते माळेसारखे दिसतील. मॅक्सएंटला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो निष्कर्ष काढतो की रानपिंगळ्याला डांबरी रस्ता आवडतो. उपाय असा: पार्श्वभूमीचे बिंदू कुठूनही न घेता, त्याच भागात लोकांनी इतर पक्ष्यांच्या, निदान इतर घुबडांच्या, नोंदी जिथे केल्या तिथून घ्या. मग रस्त्याचा कल दोन्ही बाजूंना सारखा होतो आणि बराचसा वजा होतो. फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे सुचवलं. माझ्या अनुभवात पद्धत बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा या एका गोष्टीने पडतो.

तिसरी गोष्ट गुणांच्या अर्थाची. तुम्ही प्रबंधात लिहिलंय, ‘या भागात रानपिंगळा असण्याची शक्यता ७० टक्के’. मॅक्सएंटचा ०.७ म्हणजे ७० टक्के नव्हे. पक्षी एकंदर किती जागी आहे हे त्याला माहीतच नाही, तो आपल्या मनाने एक गृहीत धरतो. त्याच्या आकड्यांचा क्रम घ्या, किंमत घेऊ नका. ही जागा त्या जागेपेक्षा वरची, इतपतच.

आणि ‘डिफॉल्ट’ (आधीपासून ठरलेल्या सेटिंग्ज) सोडा. ६३ नोंदी असताना मॅक्सएंट आपणहून सरळ रेषा, वर्ग आणि हिंज (एका ठिकाणी मोडलेली रेषा) असे तिन्ही आकार वापरतो. तेवढ्या नोंदींवर तो फार वेड्यावाकड्या रेषा काढू शकतो. रेग्युलरायझेशन (मॉडेलला साधं ठेवणारा लगाम) १ ऐवजी २, ३, ४ करून बघा, आणि प्रत्येक वेळी प्रतिसादाच्या आलेखांकडे डोळे उघडे ठेवून बघा. पावसाचा आलेख मध्येच खड्ड्यात जाऊन पुन्हा वर येत असेल, तर स्वतःला विचारा, असा कुठला पक्षी आहे ज्याला ९०० मिलिमीटर चालतो, १,००० चालत नाही आणि १,१०० पुन्हा चालतो?

रँडम फॉरेस्टबद्दल माझं मत कडक होतं, हल्ली थोडं मऊ झालंय. साठ बिंदू एकीकडे आणि दहा हजार दुसरीकडे असं साधेपणाने दिलं, तर ते जवळजवळ पाठांतर करतं: प्रत्येक नोंदीभोवती लाल ठिपका आणि बाकी सगळं पांढरं. तुमचा तिसरा नकाशा नेमका तसा आहे. प्रत्येक झाडाला (हे ‘फॉरेस्ट’ हो-नाही प्रश्नांच्या अनेक झाडांचंच असतं) दोन्ही बाजूंचे सारखेच बिंदू मिळतील असं केलं, तर तेच रँडम फॉरेस्ट फार चांगलं चालतं. वलावी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एलिथच्याच जुन्या माहितीवर हे दाखवून दिलं. आर या संगणकभाषेत एका ओळीचा बदल आहे. पण लक्षात ठेवा, त्याचं ‘नाही’ हे मॅक्सएंटच्या ‘नाही’इतकंच उसनं आहे. पार्श्वभूमी बिघडलेली असेल तर दोघंही सारखेच बिघडतात. म्हणून पाच पद्धतींची सरासरी काढून ‘आता चुका एकमेकींना खाऊन टाकतील’ असं म्हणणं मला पटत नाही. पाचही जणांना एकाच खोट्या वाटाड्याने रस्ता दाखवला असेल, तर सरासरी काढूनही तुम्ही त्याच्याच गावी पोचता.

इथे थरांबद्दल एक सांगते, कारण तुमच्या नकाशात ते दिसतंय. तुम्ही वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-माहितीचे १९ च्या १९ थर (तापमान-पावसाचे नकाशे) घातलेत. त्यातला अठरावा बघा: ‘सर्वांत उष्ण तिमाहीतला पाऊस’. आपल्याकडे कुठे मार्च-एप्रिल-मे ही सर्वांत उष्ण तिमाही ठरते, कुठे एप्रिल-मे-जून. नकाशाच्या शेजारशेजारच्या दोन चौकटींच्या तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक नसतो, पण एकीत जून धरला जातो आणि दुसरीत नाही. जून म्हणजे मृगाचा पाऊस. आकडा एकदम उडी मारतो, घाटाकडच्या बाजूला तर शेकड्यांनी. जमिनीवर उभं राहून बघाल तर तेच रान, तीच माती, तेच झाड. तुमच्या तिसऱ्या नकाशात रंग जिथे कात्रीने कापल्यासारखा थांबतो, तिथे हा थर उघडून बघा. मला खात्री आहे की कड तिथूनच आलीय. हे थर ऋतूंची उलथापालथ होते तिथे घातक असतात, आणि आपला सगळा मुलूख मोसमी पावसावर चालतो. ज्यांचा एकमेकांशी सहसंबंध ०.७ पेक्षा जास्त अशा थरांतला एकच ठेवा, आणि कुठला ठेवायचा ते पक्ष्याकडे बघून ठरवा. पाच-सहा थर पुरे होतात.

शिवाय हवामानाने जंगल कळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं हवामान आणि लागूनच असलेल्या कापसाच्या शेताचं हवामान एकच. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर डेव्हिडसन यांनी पक्षी मिळवले ते रान नंतर नांगराखाली गेलं. तुम्ही १८८० च्या दशकातला बिंदू आणि आजचा उपग्रहाचा थर जोडलात, तर मॉडेल शिकणार की रानपिंगळा शेतात राहतो. जुन्या नोंदी इतिहासाच्या प्रकरणात मानाने ठेवा, मॉडेलातून काढा.

नोंदी साफ करायचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींची जागा मुद्दाम पुसट केलेली असते. खरा बिंदू ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही असू शकतो, म्हणजे वीसेक किलोमीटर इकडेतिकडे. एक किलोमीटरच्या थरावर असा बिंदू निरुपयोगी आहे. आणि ओळख. साधा पिंगळा आणि रानपिंगळा पहिल्या नजरेत सहज फसवतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीचा वरचा भाग जवळजवळ सलग तपकिरी आणि खाली मधला भाग पांढरा असतो, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे असतात. फोटो नसलेली, आवाजाची खूण नसलेली नोंद मी घेणार नाही, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो. १९१४ ची नोंदही मोठ्या माणसाचीच होती.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. तो चुकत नाहीये, पण तुमच्या ६३ नोंदींवर ऑक्युपन्सी करताच येणार नाही. तिला वेगळ्या प्रकारची माहिती लागते, आणि ती माहिती काय असते हे एका उदाहरणाने सांगते.

यावलच्या बाजूच्या एका ओढ्याकाठी आमची पाहणीची एक चौकट, म्हणजे रानाचा आखून घेतलेला एक तुकडा, होता. जानेवारी, सकाळचे सात. सागाची पानं गळायला लागलेली. एकेक पान सुपाएवढं, वाळलं की पायाखाली पापडासारखं मोडतं, म्हणून ठरलेल्या जागी पोचलो की हलायचं नाही. बरोबर जवळच्या पाड्यावरचे एक पावरा आदिवासी काका होते. पंधरा मिनिटं ऐकलं, काही नाही. मी कागदावर शून्य लिहिलं. तीन दिवसांनी परत त्याच जागी, पुन्हा शून्य. काका म्हणाले, “ताई, आहे इथं. माझ्या पोरानं ऐकलाय.” मी मान डोलावली, पण कागदावर ऐकीव लिहिता येत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पावणेआठला समोरच्या निष्पर्ण सागावरून आवाज आला. तीसेक मीटरवर, उन्हात, छाती आमच्याकडे करून तो बसलेला. काकांनी बोलून दाखवलं नाही, फक्त माझ्या कागदाकडे बोट केलं. मी एक लिहिला.

तर त्या चौकटीची नोंद झाली: ०, ०, १. ऑक्युपन्सीची सगळी ताकद या तीन आकड्यांत आहे. शेवटच्या एकमुळे आपल्याला ठाऊक आहे की पहिली दोन शून्यं खोटी होती. पक्षी होता, आपल्याला मिळाला नाही. अशा पुष्कळ चौकटी जमल्या की ‘असताना सापडण्याची’ शक्यता किती हे काढता येतं, आणि मग जिथे ०, ०, ० आहे तिथे पक्षी खरंच नसण्याची शक्यता किती हेही सांगता येतं. मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे मांडलं. बाकीच्या पद्धती ‘नाही’ उसनं घेतात किंवा घेतच नाहीत. ही पद्धत ‘नाही’ कमावते आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा तेही सांगते.

हिशेब करून बघा. समजा एका भेटीत सापडण्याची शक्यता ०.३ आहे. तीन भेटींत एकदाही न सापडण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे ०.३४. चाळीस चौकटींत पक्षी असेल तर तुम्हाला सव्वीसेक ठिकाणी मिळेल, चौदा ठिकाणं तुम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे व्हाल. पाच भेटी केल्या तर ही गळती १७ टक्क्यांवर येते. आणि ही गळती सगळीकडे सारखी नसते, खरा धोका तोच. ऑक्टोबरात साग पानांनी भरलेला असतो, पक्षी दिसत नाही. दाट रानात ऐकूही कमी येतं. तुम्ही दाट रानात ऑक्टोबरात गेलात आणि विरळ रानात फेब्रुवारीत, तर मॉडेल ठामपणे सांगेल की रानपिंगळ्याला विरळ रान आवडतं. आवडतही असेल. पण तुमच्या माहितीवरून ते सिद्ध होणार नाही.

हे फक्त पक्ष्यांसाठी नाही. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघांसाठी हीच पद्धत वापरली, १८८ चौरस किलोमीटरची एक अशा २०५ चौकटी घेऊन. तिथे परत परत भेटी देण्याऐवजी पायवाटेचा प्रत्येक किलोमीटर ही एक भेट धरली. अडचण अशी की वाघ वाटेनेच चालतो, त्यामुळे एका किलोमीटरला पाऊलखुणा मिळाल्या की पुढच्यालाही मिळतात. भेटी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. हाइन्स यांनी २०१० मध्ये ती गोष्टच मॉडेलात बसवली. प्राण्याची चाल गणितात उतरलेली बघून मला आजही आनंद होतो.

ऑक्युपन्सीच्याही अटी आहेत. भेटींच्या काळात पक्ष्याने चौकट सोडायची नाही, म्हणून सगळ्या भेटी एकाच हंगामात उरका. चौकट एका जोडीच्या हद्दीपेक्षा थोडी मोठी असावी, फार मोठी नको. चुकीची ओळख इथे सगळ्यांत महागात पडते, कारण एक खोटा ‘१’ मागच्या सगळ्या शून्यांना खोटं ठरवतो. आणि आवाज वाजवून पक्षी बोलावणार असाल, तर शेजारच्या चौकटीतला पक्षी उडून येतो हे विसरू नका. शिवाय पिल्लांच्या दिवसांत ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, परवानगी असली तरी.

प्राण्याच्या शरीरावरून बांधलेल्या मॉडेलांचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तरी दोन वाक्यं. किती तापमानाला प्राणी हलेनासा होतो, किती पाणी लागतं, यावरून ती सुरुवात करतात. ऑस्ट्रेलियातल्या केन टोडवर कर्नी आणि सहकाऱ्यांनी तसं काम केलंय. १९३५ मध्ये उसाच्या किडीसाठी आणलेला तो बेडूक अजून पसरतोच आहे, म्हणून ‘आज जिथे आहे तिथेच त्याला राहता येतं’ हे नोंदींवर चालणाऱ्या पद्धतींचं गृहीत त्याला लागू पडत नाही. रानपिंगळ्यासाठी तशी मोजमापं तुमच्या हाती नाहीत. सोडून द्या.

२०७० सालचा नकाशाही सोडून द्या, असं सांगेन. मॅक्सएंटमध्ये एक बटण दाबलं की तो येतो, आणि मार्गदर्शकांना प्रकरणात हवा असतो. पण तानसा सापडेपर्यंत या पक्ष्याला पावसाची कुठली मर्यादा सोसते हेच आपल्याला नीट माहीत नव्हतं. ती मर्यादा भविष्यात कुठे सरकेल हे सांगायची घाई कशाला? घालावाच लागला तर मॉडेलने न पाहिलेलं हवामान जिथे येतं तो सगळा भाग राखाडी रंगाने झाका.

मी या ‘नाही’बद्दल इतकं का बोलते त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल माझ्याकडे मतासाठी आला. ज्या टेकडीवरची झाडं जाणार होती तिथे मॅक्सएंटचा गुण ०.१८ होता, आणि अहवालात वाक्य होतं: ‘प्रकल्प क्षेत्रात सदर प्रजाती आढळत नाही’. पार्श्वभूमी अख्ख्या राज्याची, नोंदी सगळ्या रस्त्यांच्या कडेच्या, आणि त्या टेकडीवर रस्ताच नव्हता. म्हणजे कुणी गेलं नाही म्हणून गुण कमी, आणि गुण कमी म्हणून पक्षी नाही. आम्ही चार सकाळी तिथे गेलो. तिसऱ्या सकाळी दोन पक्षी एकमेकांना उत्तर देत होते. वाक्य बदललं गेलं, पण टेकडी पूर्ण वाचली नाही. मॅक्सएंटचा यात दोष नव्हता. त्याने ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. ते माणसाने त्याच्या तोंडी घातलं.

म्हणून तुमच्या प्रबंधासाठी मी असं करेन. मॅक्सएंट ठेवा, पण छोट्या पार्श्वभूमीवर, इतर घुबडांच्या नोंदींच्या जागा वापरून, पाच-सहा थरांवर. तपासणीसाठी नोंदी चिठ्ठ्या टाकून वाटू नका. एकाच ओढ्यावरचे दोन बिंदू, एक शिकायला आणि एक परीक्षेला, ही परीक्षाच नव्हे. प्रदेशांचे तुकडे पाडा: मेळघाट एक, यावल एक, तोरणमाळ-शहादा एक, तानसा-डांग एक. दर वेळी एक तुकडा पूर्ण बाजूला ठेवा. विशेषतः तानसा-डांग झाकून फक्त सातपुड्यावर शिकवा आणि बघा, तुमचं मॉडेल तानशाला वरचे गुण देतं का. २०१४ मध्ये जंगलाने ही परीक्षा सगळ्यांचीच घेतली. तुमच्या मॉडेलची तुम्ही घ्या. ते नापास झालं तर तेच प्रकरण लिहा. मी परीक्षक असते तर ०.९६ पेक्षा त्याला जास्त गुण दिले असते.

मग नकाशाकडे पुढच्या मोहिमेची यादी म्हणून बघा. वरच्या गुणांच्या, पण जिथे कुणी गेलेलं नाही अशा वीस चौकटी, मधल्या गुणांच्या दहा आणि खालच्या गुणांच्याही दहा निवडा. खालच्या वगळू नका. तुमचं पहिलं कमावलेलं ‘नाही’ तिथूनच येणार आहे. प्रत्येक चौकटीला जानेवारी ते मार्चअखेर पाच भेटी. दोघांचा चमू असेल तर एका हंगामात जमतं, मी करून पाहिलंय.

भेटीच्या कागदावर पक्षी मिळाला की नाही याखेरीज हे रकाने ठेवा: पोचल्याची आणि निघाल्याची वेळ, वारा, ढग, सागावर किती पानं उरलीत (० ते ४ अशी खूण पुरते), ऐकणारा कोण, आवाज वाजवला की नाही. आणि एक रकाना पाड्यावरच्या माणसांच्या सांगण्यासाठी. तो मॉडेलात जात नाही, पण पुढच्या वर्षी चौकटी निवडताना मी आधी तोच वाचते.